रेड (RAID) कार्ड म्हणते ‘ऑप्टिमल’, दिवा मात्र नारिंगी: सर्व्हरच्या कोणत्या स्थितीवर विश्वास ठेवावा?

विश्रामबाग_संगणककक्ष

नमस्कार. सांगलीतील एका पतसंस्थेचा संगणक विभाग मी एकटाच सांभाळतो. आमच्या मुख्य सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय, एक रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारे नियंत्रक कार्ड) आणि २ टीबीच्या चार साटा हार्डडिस्क असून त्यांचा रेड १० केलेला आहे, म्हणजे डिस्क जोडीजोडीने असून जोडीतल्या दोन्हींवर एकच माहिती असते. वर लिनक्स चालते. २०१९ च्या महापुरानंतर सर्व्हर तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावरच्या बंद खोलीत हलवला, त्यामुळे त्याच्या दर्शनी पट्टीवरचा दिवा रोज कोणाच्या नजरेस पडतोच असे नाही. परवा सफाईसाठी खोली उघडली तेव्हा एरवी निळा असणारा तो दिवा नारिंगी झालेला दिसला.

मी जमेल तिथून माहिती गोळा केली आणि गोंधळ वाढला. रेड कार्डाच्या आज्ञावलीत चारही डिस्क ‘ऑनलाइन’ आणि संपूर्ण ॲरे (चारही डिस्कचा एकत्रित संच) ‘ऑप्टिमल’ आहे; मात्र दुसऱ्या खणातल्या डिस्कसमोर मीडिया एरर ११ असा आकडा आहे. त्याच डिस्कची स्मार्ट तपासणी (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद) ‘पास्ड’ असा निकाल देते, पण खालच्या तक्त्यात ५ क्रमांकाच्या गुणधर्मापुढे १६ आणि १९७ क्रमांकापुढे ८ असे कच्चे आकडे आहेत. बीएमसीला, म्हणजे मदरबोर्डवरच्या देखरेख-चिपला, आयपीएमआयटूल या आज्ञावलीने विचारले असता बहुतेक सेन्सरपुढे ‘ओके’ येते, दुसऱ्या प्रोसेसरच्या तापमानापुढे ‘एनएस’ येते, आणि पॉवर सप्लायच्या दोन ओळींत अंश किंवा व्होल्ट न येता ‘डिस्क्रीट’ या शब्दासह पहिल्यापुढे ०एक्स०१८० व दुसऱ्यापुढे ०एक्स०९८० अशा संख्या येतात. याखेरीज नागिऑस या देखरेख-प्रणालीकडून रोज रात्री दोनच्या सुमारास ‘अननोन’ अशी सूचना येते आणि वीस मिनिटांत ती आपोआप मिटते.

पुरवठादाराच्या अभियंत्यांना दूरध्वनीवरून विचारले, तर त्यांचे म्हणणे असे पडले की ॲरे ऑप्टिमल आणि स्मार्ट पास्ड असेल तर काळजीचे कारण नाही. बीएमसीची घटनानोंद पुसून टाकावी, म्हणजे दिवा पूर्ववत होईल. दिवा विझवणे माझ्या हातात आहे, पण तो कशासाठी लागला आहे हे कळल्याशिवाय तसे करावेसे वाटत नाही. एकाच यंत्राविषयी चार ठिकाणांहून चार उत्तरे येत असतील, तर त्यांतले खरे कोणते मानावे?

कुपवाडकर_रॅक

सर्वांत आधी एक विनंती: घटनानोंद पुसू नका. ती एका फाइलमध्ये उतरवून घ्या, तिची एक प्रत दुसऱ्या संगणकावर ठेवा, आणि मगच पुढचे वाचा. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माझ्या आधीच्या माणसाने दर महिन्याला ही नोंद निष्ठेने पुसली होती, आणि पंखा नेमका केव्हापासून रखडत चालला होता हे शोधताना माझ्या हाती कोरी पाटी आली.

तुमची चारही उत्तरे खरी आहेत, कारण ती चार वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. रेड कार्ड सांगते ते ॲरेविषयी: मागितलेली माहिती देण्यास ती समर्थ आहे आणि तिची प्रत्येक जोडी शाबूत आहे, इतकाच ‘ऑप्टिमल’चा अर्थ. बीएमसी हा मदरबोर्डवरचा स्वतंत्र छोटा संगणक आहे. सर्व्हर बंद असला तरी भिंतीतून वीज मिळत असेपर्यंत तो जागा असतो. लिनक्समध्ये काय चालले आहे याची बहुतेकदा त्याला गंधवार्ता नसते, तशीच त्याला दिसते त्याची लिनक्सला नसते. म्हणून स्थिती वाचताना ती कोणी सांगितली आणि केव्हा पाहून सांगितली, हे शब्दाच्या आधी पाहावे. २०१५ मध्ये आलेल्या रेडफिश या सर्व्हर-देखरेखीच्या मानकाने एक चांगली गोष्ट केली, ती म्हणजे ‘स्टेट’ आणि ‘हेल्थ’ हे दोन रकाने वेगळे केले: उपकरण चालू, बंद किंवा गैरहजर आहे हे एकात, आणि त्याची प्रकृती ठीक, इशाऱ्याची की गंभीर हे दुसऱ्यात. त्याआधीच्या, १९९८ पासूनच्या आयपीएमआय या मानकात ही फोड आपल्यालाच डोक्यात करावी लागते.

आता तुमच्या संख्यांकडे वळू, कारण कोड्याचे निम्मे उत्तर तिथेच आहे. सेन्सर दोन जातींचे असतात. तापमान, व्होल्टेज, पंख्याचे फेरे हे मापाचे सेन्सर. त्यांना मर्यादा आखून दिलेल्या असतात आणि मर्यादा ओलांडली की ‘ओके’चे ‘एनसी’ (इशारा), मग ‘सीआर’ (गंभीर), मग ‘एनआर’ (सावरता न येणारे) होते. सांगलीकरांना हे निराळे समजावून सांगायला नको: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी, तशीच ही रचना. दुसरी जात म्हणजे तुम्हाला दिसलेली ‘डिस्क्रीट’. तिथे माप नसते, तर हो-नाहीचे छोटे छोटे खटके एका संख्येत भरलेले असतात. पॉवर सप्लायच्या सेन्सरसाठी मानकाने ठरवलेला क्रम असा आहे की १ म्हणजे सप्लाय जागेवर आहे, २ म्हणजे तो निकामी झाला आहे, ४ म्हणजे तो निकामी होण्याची चिन्हे आहेत, आणि ८ म्हणजे त्याला बाहेरून वीज मिळत नाही. सुरुवातीचे ०एक्स ही नुसती संख्या लिहिण्याच्या पद्धतीची खूण आहे आणि शेवटचे ८० हे राखीव बिटामुळे येते, दोन्ही सोडून द्या.

तुमचा पहिला सप्लाय ०१ सांगतो, म्हणजे जागेवर आहे आणि तक्रार नाही. दुसरा ०९ सांगतो. ०९ म्हणजे ८ आणि १. तो जागेवर आहे, २ चा किंवा ४ चा खटका पडलेला नाही, अर्थात तो स्वतः बिघडल्याची तक्रार करत नाही. त्याला फक्त वीज मिळत नाही. तेव्हा नवा सप्लाय मागवण्याआधी त्याची वायर कोणत्या सॉकेटात जाते, त्या सॉकेटामागे कोणते एमसीबी आहे आणि ते वर आहे की खाली, हे पाहून या. तुमचा सर्व्हर आज एकाच सप्लायवर उभा आहे आणि तरीही वापरणाऱ्याला त्यात काही वावगे दिसत नाही. दोन सप्लाय बसवण्याचा हेतूच तो असल्यामुळे हा दोष डोळ्यांना दिसत नाही, सेन्सरलाच दिसतो.

‘एनएस’विषयी थोडक्यात: त्याचा अर्थ ‘नो रीडिंग’, मापच आले नाही. तुमच्या बोर्डावर दुसरा प्रोसेसर बसवलेलाच नसेल तर ते स्वाभाविक आहे. मात्र काल ५२ अंश दाखवणारा सेन्सर आज ‘एनएस’ दाखवू लागला, तर ती बातमी आहे. पुलावरची मोजपट्टी पुरात वाहून गेली म्हणून नदीची पातळी शून्य झाली असे आपण म्हणत नाही. यासाठी यंत्र निरोगी असताना सर्व सेन्सरांची एक संपूर्ण यादी काढून ठेवावी लागते. ती नसेल तर आजचा ‘एनएस’ जुना की नवा हे कोणीही सांगू शकणार नाही. जाता जाता: काही इंटेल बोर्डांवर प्रोसेसरच्या तापमानाचा एक सेन्सर उणे आकडा दाखवतो. तो बिघाड नव्हे. कमाल तापमानापासून आपण किती अंश दूर आहोत ते त्यात सांगितलेले असते.

मिरज_रात्रपाळी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण माझ्या मते तातडी पॉवर सप्लायपेक्षा डिस्कची आहे. मिरजेत एका रुग्णालयाच्या सर्व्हरकक्षात काम करताना ‘पास्ड’ हा शब्द वाचायला मी किंमत मोजून शिकलो आहे.

स्मार्टच्या तक्त्यात प्रत्येक गुणधर्मापुढच्या तीन संख्या महत्त्वाच्या असतात: उत्पादकाने स्वतःच्या पट्टीवर बसवलेले मूल्य, त्याची उंबरठ्याची संख्या, आणि कच्चा आकडा. ‘पास्ड’ हा निकाल पहिल्या दोघांच्या तुलनेतून निघतो, आणि हा उंबरठा उत्पादक इतका खाली ठेवतात की तो ओलांडला जाईपर्यंत डिस्क बऱ्याचदा गेलेली असते. तेव्हा ‘फेल्ड’ आले तर त्यावर जरूर विश्वास ठेवा. ‘पास्ड’ आले तर त्याने काहीच सिद्ध होत नाही असे समजा. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये स्मार्टच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही आधी उमटलेली नव्हती. म्हणजे खूण नसणे ही हमी नाही. मात्र त्याच अभ्यासानुसार खूण उमटलेल्या डिस्कचा धोका बराच वाढलेला असतो, आणि तुमच्याकडे खुणा उमटल्या आहेत.

५ क्रमांकावरचा १६ हा आकडा म्हणजे तितके सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे) खराब ठरून त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरात आले आहेत. हे झालेले नुकसान आहे आणि ते भरून काढले गेले आहे. १९७ वरचा ८ मला अधिक टोचतो: हे सेक्टर डिस्कला वाचता आलेले नाहीत आणि त्यांचा निकाल अजून लागलेला नाही. त्यांवर पुन्हा काही लिहिले जाईल तेव्हा एक तर ते सुधारतील आणि आकडा कमी होईल, किंवा ते बदलले जाऊन ५ क्रमांकाचा आकडा वाढेल. तोवर तिथली माहिती त्या डिस्कपुरती गेलेली आहे. तुमच्या रेड कार्डाने ११ वेळा बहुधा हेच अनुभवले: एका डिस्कवरून वाचता आले नाही, म्हणून जोडीच्या डिस्कवरून वाचून दिले, मीडिया एररचा आकडा वाढवला आणि ॲरेला ‘ऑप्टिमल’ म्हणत राहिले. त्याचे म्हणणे खोटे नाही, कारण दोन्ही डिस्क अजून ॲरेत आहेत.

रेड १० मध्ये खरा प्रश्न आजारी डिस्कचा नसतो, तिच्या जोडीदाराचा असतो. ही डिस्क बदलली की नवीन डिस्कवर सगळी माहिती त्या एकाच जोडीदारावरून उतरवली जाईल, आणि त्या प्रवासात त्याच्यावर एखादा न वाचता येणारा सेक्टर निघाला तर तेवढ्या जागेची दुसरी प्रत जगात नसेल. म्हणून क्रम असा ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन: आज रात्री संपूर्ण बॅकअप घ्या आणि त्यातल्या काही फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा, नंतर जोडीच्या डिस्कचे कच्चे आकडे वाचा आणि कार्डाची पॅट्रोल रीड ही पार्श्वभूमीवरची वाचनफेरी शेवटची केव्हा पूर्ण झाली ते पाहा, त्यानंतरच डिस्क बदला. बदलताना आज्ञावलीतून त्या खणाचा दिवा लुकलुकता करा आणि डिस्क आधी ‘ऑफलाइन’ करून मग ओढा. आज्ञावलीत खण शून्यापासून मोजलेले असतात आणि पेटीवरचे स्टिकर एखाद्याने एकपासून चिकटवलेले असतात. पहाटे चार वाजता या एका फरकाने निरोगी डिस्क हातात येते. ते दृश्य मी पाहिले आहे.

रेड कार्डामागच्या डिस्कला स्मार्टसीटीएल या स्मार्ट वाचणाऱ्या आज्ञावलीने थेट विचारता येत नाही; कार्डाचा प्रकार आणि डिस्कचा क्रमांक वेगळा द्यावा लागतो. तुम्ही आकडे मिळवले आहेत, म्हणजे ते तुम्हाला ठाऊक असणार. इतर वाचकांसाठी लिहून ठेवले. १९९ क्रमांकाचा आकडाही एकदा पाहा. तो वाढत असेल तर दोष डिस्कच्या तबकडीत नसून वायरीत किंवा मागच्या जोडपट्टीत असू शकतो, आणि मग नवी डिस्क घालूनही रडगाणे तेच राहते.

तासगाव_नेटवर्क

एक वेगळे मत मांडतो. माझ्याकडे तीस-एक उपकरणे आहेत आणि प्रत्येकाचे कच्चे आकडे पाहत बसलो तर दिवस पुरणार नाही. मी ‘क्रिटिकल’ सोडून बाकी सर्व सूचना बंद केल्या आहेत आणि माझे फारसे अडलेले नाही. तुमच्या रात्रीच्या ‘अननोन’ची सूचनाही बंद करावी असे मी सुचवेन.

कुपवाडकर_रॅक

तुम्ही केलेत ते नेटवर्कच्या स्विचसाठी चालून जाईल, पण या सर्व्हरच्या बाबतीत तशा सूचनांवरच विसंबले असते तर यातला एकही दोष आजही कोणाला कळला नसता, कारण इथे ‘क्रिटिकल’ काहीच नव्हते. सूचना कमी करायच्या असतील तर त्या पातळीने न गाळता टिकण्याने गाळाव्यात. नागिऑसमध्ये पहिल्यांदा बिघाड दिसला की स्थिती ‘सॉफ्ट’ मानली जाते आणि ठरवून दिलेल्या फेरतपासण्यांनंतरही तसाच राहिला तरच ती ‘हार्ड’ होऊन सूचना निघते. फेरतपासण्यांची संख्या आणि त्यांमधले अंतर थोडे वाढवले की निम्मा गलका शमतो.

रात्रीच्या ‘अननोन’विषयी माझा अंदाज असा की दोन वाजता तुमचा बॅकअप सुरू होत असावा. त्या भारात रेड कार्डाची आज्ञावली उत्तर द्यायला रेंगाळते आणि तपासणी ठरल्या वेळेत परतत नाही. अशा वेळी काही प्लगिन (तपासणी करणारे छोटे प्रोग्रॅम) ‘अननोन’ देतात, काही ‘क्रिटिकल’. हे प्लगिन लिहिणाऱ्यावर असते. नागिऑसपुरते सांगायचे तर प्लगिनने ० परत केला की ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे गंभीर आणि ३ म्हणजे अननोन. ३ हा आकडा २ पेक्षा मोठा आहे म्हणून तो अधिक गंभीर नव्हे, आणि कोणी काही वाईट सांगितले नाही म्हणून तो ठीकही नव्हे. पाहणाऱ्याला दिसले नाही, इतकेच तो सांगतो. बॅकअपची वेळ तासभर पुढे ढकलून पाहा. सूचनाही तासभर सरकली तर कारण सापडले.

विश्रामबाग_संगणककक्ष

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आठवडाभरात जे झाले ते सविस्तर लिहितो, कारण मधल्या एका गोष्टीत मी स्वतःच फसलो होतो.

घटनानोंद उतरवून वाचली. दुसऱ्या सप्लायची वीज गेल्याची नोंद २३ दिवसांपूर्वीची, दुपारी १२ वाजून ४२ मिनिटांची निघाली. त्या दुपारी कार्यालयात आम्ही सगळे हजर होतो आणि वीज गेल्याचे कोणालाच आठवेना. दोन दिवस मी सेन्सरवरच संशय घेत राहिलो. नंतर लक्षात आले की बीएमसीचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर आहे. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवले की संध्याकाळचे ६ वाजून १२ मिनिटे होतात, आणि त्या संध्याकाळी वळवाच्या पावसात गडगडाटासह वीज गेली होती हे सगळ्यांना पक्के आठवत होते. सर्व्हरची दुसरी वायर यूपीएसमध्ये नसून एसीच्या बोर्डावरच्या सॉकेटात होती आणि तिथले एमसीबी त्या दिवशी पडले ते पडलेलेच होते. एसी त्या खोलीत दोन आहेत, त्यामुळे एक बंद आहे हेही कोणाच्या ध्यानात आले नाही. एमसीबी वर करताच दुसऱ्या सप्लायची संख्या ०एक्स०१८० झाली. दुसरा प्रोसेसर बसवलेलाच नाही, हेही खरेदीच्या कागदांवरून खात्रीने कळले.

डिस्कच्या बाबतीत १९७ क्रमांकाचा आकडा चार दिवसांत ८ वरून २४ झाला आणि ‘पास्ड’ हा शब्द शेवटपर्यंत हलला नाही. जोडीच्या डिस्कचे ५, १९७ आणि १९९ हे तिन्ही आकडे शून्य होते. बॅकअपमधल्या काही फाइल उघडून पाहिल्या, शनिवारी कामकाज संपल्यावर डिस्क बदलली. रात्री नऊला सुरू झालेली पुनर्बांधणी पहाटे पावणेचारला संपली. दिवा त्यानंतर आपोआप निळा झाला, घटनानोंद पुसावी लागली नाही. बॅकअप तीन वाजता ठेवल्यावर ‘अननोन’ही तीनला येऊ लागले, त्या तपासणीची वेळमर्यादा वाढवली आहे.

एक शंका उरली. यूपीएसची स्थिती एनयूटी या यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रॅममधून ‘ओएल आरबी’ अशी दिसते. यातले पहिले आश्वासक आणि दुसरे चिंताजनक वाटते.

मिरज_रात्रपाळी

दोन्ही एकाच वेळी खरे आहेत, पॉवर सप्लायच्या ०९ सारखेच. ‘ओएल’ म्हणजे यूपीएस या क्षणी मुख्य विजेवर आहे; ‘आरबी’ म्हणजे बॅटरी बदलण्याची वेळ आली आहे. पहिले वाक्य वीज जाईपर्यंतच खरे राहील. पुढचा वळीव यायच्या आत बॅटऱ्या बदला, आणि जुन्या किती वर्षांच्या होत्या ते पाहा: सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर साधारण दर १० अंशांना निम्म्यावर येते, आणि तुमच्या खोलीतला एक एसी २३ दिवस बंद होता. शिवाय दुसऱ्या सप्लायची वायर यूपीएसवर आणण्याची घाई करू नका. एक यूपीएसवर आणि एक थेट विजेवर ही रचना चांगली आहे, कारण यूपीएसच बिघडला तर सर्व्हर तरतो. फक्त त्या एमसीबीवर मोठ्या अक्षरांत ‘सर्व्हर’ असे लिहून ठेवा.

कुपवाडकर_रॅक

एक राहिले. नव्या डिस्कचा अनुक्रमांक आणि आजचे कच्चे आकडे वेगळ्या ओळीत नोंदवा. आलेख खणाच्या क्रमांकावर काढत राहिलात, तर जुन्या डिस्कचे २४ आणि नव्या डिस्कचे ० एकाच रेषेत येतील, आणि सहा महिन्यांनी पाहणाऱ्याला डिस्क आपोआप बरी झाली असे वाटेल.